जुनी सेडान उभी करताना: नंबर, टॅग, पत्रा आणि आरटीओ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यात जुन्या गाड्या परत रस्त्यावर आणू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरांत फियाट ११०० आणि प्रीमियर पद्मिनीचा भार जास्त आहे, कारण आपल्याकडच्या सोसायट्यांच्या कोपऱ्यात सर्वाधिक त्याच उभ्या आहेत. इम्पाला आणि मर्सिडीजवाल्यांसाठीही एक लांबलचक उत्तर खाली आहे.

बाबांची पद्मिनी बरीच वर्षं बंद आहे. सुरुवात इंजिनापासून करू की पत्र्यापासून?

दोन्ही नाही. सुरुवात नंबरांपासून करा, आणि तीही गाडी धुण्याआधी. चेसिस नंबर, इंजिन नंबर, कंपनीची प्लेट, काचांवरच्या खुणा, दिव्यांवरची नावं, जुन्या रंगाचा दरवाज्याच्या आत राहिलेला तुकडा, या सगळ्याचे फोटो काढून ठेवा. आरसी बुक शोधा आणि त्यातला प्रत्येक आकडा गाडीवरच्या आकड्याशी ताडून बघा.

मी हे इतकं आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेली की पहिल्याच दिवशी ग्राइंडर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी प्रायमर चढतो. ठोकलेला आकडा ग्राइंडरखाली अर्धा जातो, उरलेला प्रायमरने बुजतो. इंजिन पुन्हा बांधता येतं, पत्रा नवा घालता येतो. नंबर मात्र गेला की गाडीची ओळख कागदावर उरते आणि लोखंडावर उरत नाही. आरटीओचा इन्स्पेक्टर बॉनेट उघडून सर्वांत आधी तोच बघतो.

नंबर नेमके कुठे शोधायचे?

फियाट आणि पद्मिनीचं बॉनेट उघडा. इंजिनामागे केबिनकडची जी उभी भिंत दिसते, तिथे चेसिस नंबर आणि कंपनीची प्लेट शोधा. इंजिन नंबर ब्लॉकवरच, सपाट तासलेल्या जागेवर ठोकलेला असतो. तिथे तेल आणि धूळ यांचा जाड थर बसलेला असतो, त्यामुळे नंबर नाहीच असं पटकन ठरवू नका.

पद्मिनी मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चेसिस फ्रेम नाही, बॉडी हीच चेसिस. म्हणून चेसिस नंबर असलेला पत्रा कापून दुसऱ्या बॉडीला जोडणं ही साधी दुरुस्ती नसते, ती ओळख बदलणं असतं. स्टँडर्ड हेराल्डची गोष्ट वेगळी, तिला खाली स्वतंत्र चेसिस आहे.

आकडे दिसतच नाहीत. कसे वाचू?

रॉकेल आणि मऊ फडकं. आधी भिजवा, तासभर थांबा, मग पुसा. तारेचा ब्रश नको, सँडपेपर नको, ॲसिड तर अजिबात नको. जुन्या प्लेटांवरची काही अक्षरं ठोकलेली असतात आणि काही नुसती छापलेली. ठोकलेली घासण्यात टिकतात, छापलेली पुसून जातात.

सफाई झाली की गॅरेजमध्ये अंधार करा आणि बॅटरीचा झोत अगदी बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर धरा. समोरून मारलेल्या उजेडात न दिसणारा आकडा बाजूच्या उजेडात सावलीने उठून येतो. खडूची पूड हलकेच चोळली तर खाचांत भरून राहते, तोही जुना उपाय. शेवटी पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. हाच तो पेन्सिल प्रिंट, जो आरटीओच्या कामातही मागतात. दोन-तीन चांगले प्रिंट काढून आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवा.

इंजिन नंबर आरसीशी जुळत नाही. गाडी चोरीची आहे का?

लगेच तसं समजू नका. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या या फियाट-पद्मिनी टॅक्सी म्हणूनही हजारोंनी धावल्या, आणि ‘इंजिन काम’ करण्यापेक्षा तयार इंजिन बसवणं अनेकांना सोपं पडायचं. इंजिन बदललं, पण आरसीवर नोंद झाली नाही, असं वारंवार दिसतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे. इंजिनाचं बिल, जुनं असलं तरी, सोन्यासारखं जपा.

चेसिस नंबर जुळत नसेल तर मात्र थांबा. आकड्यांची ओळ वाकडी, खोली कमी-जास्त, भोवतीचा पत्रा घासलेला, किंवा चौकोनात वेल्डिंगची रेघ, यातलं काहीही दिसलं तर गाडी विकत घेऊ नका. घ्यायच्या आधी एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या, ‘वाहन समन्वय’वर चोरीच्या नोंदी तपासता येतात. पाच मिनिटांचं काम आहे, ते टाळण्याचं एकही कारण मला दिसत नाही.

चेसिस नंबर गंजून खाल्ला गेलाय. वेल्डरकडून पुन्हा ठोकून घेतला तर चालेल?

नाही. स्वतःहून किंवा गॅरेजमध्ये ठोकलेला नंबर, आकडे अगदी बरोबर असले तरी, छेडछाडच ठरतो. आधी आरटीओत अर्ज, तपासणी, लेखी परवानगी, आणि मगच री-पंचिंग. उरलेले अर्धेमुर्धे आकडे मिटवू नका. तेच तुमचा पुरावा आहेत. त्यांचे फोटो, पेन्सिल प्रिंट, जुनी आरसी, जुन्या विम्याच्या पावत्या अशी फाइल घेऊन जा.

माझी गाडी फियाट की पद्मिनी? कागदावर एक, मागच्या बॅजवर दुसरंच.

प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांची कंपनी, १९४४ मध्ये सुरू झालेली. कुर्ल्याच्या कारखान्यात तिने आधी क्रायस्लर घराण्याच्या गाड्या जोडल्या, मग पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० आली. गोलमटोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी, जिला मुंबई-पुण्यात सगळे प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात, ती हीच. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची, मागे कल्ल्यांसारखे पंख असलेली ११०० डिलाइट आली. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी. अंग तेच, १०८९ सीसीचं चार सिलिंडर इंजिन तेच, स्टिअरिंगखालचा गिअरही तोच. म्हणून बॅज, ग्रिल, टेललॅम्प यांची अदलाबदल सर्रास झाली आहे.

इटलीतल्या ११०० डी ला १२२१ सीसी इंजिन होतं. परदेशी पुस्तिकेत ते वाचून ‘आपलं इंजिन बदललेलं आहे’ असा गैरसमज करून घेणारे बरेच भेटतात.

बॅजवर विश्वास ठेवू नका. आरसीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष घ्या आणि सुट्या भागांवरून पडताळा. लुकासच्या जुन्या डायनॅमो, स्टार्टर, वायपर मोटरवर आठवडा आणि वर्ष ठोकलेलं असे. चार-पाच भागांवरच्या तारखा आरसीच्या तारखेच्या थोड्या आधीच्या निघाल्या, तर गाडी एकसंध आहे असं धरायला हरकत नाही. सगळ्या तारखा दहा वर्षं इकडेतिकडे असतील, तर ती दोन-तीन गाड्यांची मिळून झालेली आहे. असली गाडीही उभी करावी, फक्त विकताना तसं सांगावं.

इम्पाला किंवा मर्सिडीजच्या टॅगवरचे आकडे कसे उलगडायचे?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

सगळ्यात आधी: सतरा अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, सर्वत्र रूढ झाला तो १९८१ च्या सुमारास आणि नंतर. त्याआधी प्रत्येक कंपनीची स्वतःची पद्धत होती. इंटरनेटवरच्या सतरा अक्षरी डीकोडरमध्ये १९६५ च्या गाडीचा नंबर टाकून ‘अवैध’ असं उत्तर आलं, तर गाडी खोटी ठरत नाही.

१९६५ ची शेवर्ले इम्पाला घेऊ. समजा नंबर आहे १६४६९५एस१२३४५६. पहिला १ म्हणजे शेवर्ले. मग ६४ म्हणजे व्ही-८ इंजिनाची इम्पाला, सहा सिलिंडरची असती तर ६३ असता. ६९ म्हणजे चार दरवाज्यांची सेडान. खिडक्यांमध्ये खांब नसलेली चार दरवाज्यांची हार्डटॉप असेल तर ३९, दोन दरवाज्यांची स्पोर्ट कूपे असेल तर ३७. पुढचा ५ म्हणजे १९६५ चं मॉडेल. एस म्हणजे सेंट लुईसचा कारखाना. शेवटचे सहा आकडे क्रमांक.

याशिवाय बॉनेटखाली, काचेच्या खालच्या आडव्या भागावर फिशर बॉडीचा, म्हणजे बॉडी बांधणाऱ्या विभागाचा, टॅग असतो. त्यावर बॉडीची स्टाइल, बॉडीचा क्रमांक, आतल्या कापड-रेक्झिनचा ट्रिम नंबर आणि रंगाची दोन अक्षरं. रंगाचं पहिलं अक्षर खालच्या अंगाचं, दुसरं टपाचं. ए-ए असेल तर संपूर्ण टक्सीडो ब्लॅक. सी-ए असेल तर खाली अर्मिन व्हाइट आणि वर काळं टप. १०बी असं काही दिसलं तर तो बांधणीचा काळ आहे: दहावा महिना, दुसरा आठवडा. इथे एक बारकावा आहे. अमेरिकेत पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत बांधायला घेत. म्हणजे १९६५ च्या टॅगवर १०बी असेल तर गाडी ऑक्टोबर १९६४ ची. आरसीवर १९६४ आणि नंबरात ५, यावरून अनेकांची झोप उडते. दोन्ही बरोबर असतात.

कोणतं व्ही-८ बसवलं होतं ते या नंबरावरून कळत नाही. त्यासाठी इंजिन ब्लॉकवर, उजव्या हेडच्या पुढच्या बाजूला ठोकलेली अक्षरं बघावी लागतात. तिथे इंजिन कारखान्याचं अक्षर, तारीख आणि शेवटी प्रकाराचा कोड असतो.

मर्सिडीजचा नंबर त्याहून देखणा. डब्ल्यू१२३ मालिकेतला १२३.१२३-२०-०१२३४५ असा नंबर बघा. पहिला १२३ म्हणजे मालिका. दुसरा १२३ म्हणजे २४० डी. मग २ म्हणजे उजव्या हाताचं स्टिअरिंग, १ असता तर डावं. नंतरचा ० म्हणजे हाताचा गिअर, तिथे २ असेल तर ऑटोमॅटिक. बाकी क्रमांक. आपल्या इथल्या गाडीच्या नंबरात १ असेल आणि स्टिअरिंग उजवीकडे, तर ते नंतर हलवलेलं आहे, आणि मग स्टिअरिंगचे सांधे जरा जास्त काळजीने तपासा. रंगाचे कोडही ठरलेले: ०४० काळा, ७३७ क्लासिक पांढरा, ९०४ मध्यरात्रीचा निळा, ६२३ फिकट हस्तिदंती, जो जर्मन टॅक्सीचा रंग.

इटालियन फियाटच्या प्लेटवर चेसिसचा प्रकार आणि इंजिनाचा प्रकार यांसोबत सुट्या भागांसाठीचा एक वेगळा क्रमांकही असतो. तो चेसिस नंबर नव्हे. आरसीवर चुकून तोच चढलेला असेल तर आधी दुरुस्ती करून घ्या.

रंगकामासाठी टॅग काढावा का?

नका काढू. रिव्हेट तोडले की ‘हा टॅग याच गाडीचा’ हे सांगणारी साक्ष गेली. शेवर्लेची मालक कंपनी जीएमने १९६५ पासून व्हीआयएन प्लेटला फुलासारख्या डोक्याचे खास रिव्हेट वापरले, त्याजागी साधे पॉप रिव्हेट दिसले की जाणकार मागे सरकतो. टॅगभोवती बारीक मास्किंग टेप लावा, पेंटरला स्वतः दाखवा आणि त्या दिवशी गॅरेजमध्ये हजर राहा. ठोकलेल्या नंबरावर जाड प्रायमर नको, साफ करून मेणाचा पातळ हात द्या आणि वर्षातून एकदा पुन्हा द्या. पत्रा बदलणं अटळच असेल तर काम सुरू होण्याआधी आरटीओशी बोला.

आपल्याकडच्या हवेत पत्रा कुठे सडतो?

दरवाज्याखालच्या सिलमध्ये, मडगार्डच्या आतल्या कडेला, डिकीच्या तळाशी स्टेपनीखाली, बॅटरीच्या ट्रेखाली आणि काचेच्या रबराखाली. खाडीकाठची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचं हे काम. पद्मिनीला वेगळी फ्रेम नसल्यामुळे सिल सडली की गाडीचा कणाच जातो. जॅक लावल्यावर दरवाजा नीट बंद होईनासा झाला, तर समजा वेळ आली.

गाडी विकत घेताना मी एक प्रश्न नेहमी विचारतो: २६ जुलै २००५ ला ही कुठे उभी होती? त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ठाणे-कल्याणकडेही पाण्याने हाहाकार केला. तेव्हा बुडालेल्या कित्येक गाड्या वरून पुसून विकल्या गेल्या. गालिचा उचला, सीटखालच्या पट्ट्या बघा, दिव्यांच्या आत चिखलाची रेघ शोधा.

लोहचुंबक फडक्यात गुंडाळून दरवाज्याच्या खालच्या अंगावरून फिरवा. जिथे तो सुटतो तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. पुट्टीने गंज थांबत नाही, झाकला जातो. सडलेला पत्रा निरोगी लोखंड लागेपर्यंत कापायचा, नवा तुकडा वेल्ड करायचा, वर इपॉक्सी प्रायमर, आणि पोकळीच्या आत कॅव्हिटी वॅक्स. नवा पत्रा कळंबोलीच्या लोखंड बाजारात हव्या त्या जाडीचा मिळतो. सिलच्या खालची पाणी जायची भोकं वेल्डर हमखास बुजवतात, ती मोकळी आहेत ना हे स्वतः बोट घालून बघा.

आणि कृपा करून सोसायटीत गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत ओल कोंडते.

रंग कधी करावा?

दिवाळीनंतर, होळीच्या आत. पावसाळ्यात ड्युको रंग मारला तर थिनर उडताना पत्रा गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि रंगावर पांढुरकी छटा येते. पेंटर ‘पॉलिशने जाईल’ म्हणेल. थांबा आणि दिवाळीनंतरची तारीख घ्या.

इंजिन बरीच वर्षं बंद आहे. बॅटरी लावून स्टार्टर मारू?

नको. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि हँडलने हळू फिरवून बघा. अडकलं तर जोर नको, आणखी तेल आणि आणखी वेळ. फिरलं की जुनं ऑइल काढून नवं घाला, पेट्रोलची टाकी उतरवून धुवा, मग ठिणगीचा विचार.

दोन गोष्टी खास. ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे. वर्षानुवर्षं नळाचं पाणी घातल्यामुळे ते आतून खाल्लेलं असतं आणि एकदा तापलं की वाकतं. वागळे इस्टेटमध्ये हेड तासून देणारी मशीन शॉप आहेत, तिथे सपाटी बघून घ्या, आणि पुढे कूलंटच वापरा. दुसरी गोष्ट ब्रेक. चारही चाकांना ड्रम, आणि उभ्या गाडीत व्हील सिलिंडरची रबरं फुगून अडकलेली असतात. इंजिन सुरू झालं म्हणून उत्साहात घोडबंदर रोडला चक्कर मारण्याआधी चारही चाकांची रबरं, होज आणि फ्लुइड बदला. या बाबतीत तडजोड करू नका.

आताचं पेट्रोल चालतं का?

चालतं, थोड्या तयारीनिशी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आहे. शिसं जुन्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीला राखत असे, म्हणून हेड उघडलंच आहे तर कडक धातूच्या सीट बसवून घ्या. आता २० टक्के इथेनॉल आलं आहे. ते जुनी रबरं फुगवतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. पेट्रोलचे होज, पंपाचा डायफ्राम, सोलेक्स कार्ब्युरेटरचे गॅस्केट इथेनॉलला टिकणाऱ्या प्रकारचे घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवा.

पार्ट कुठे मिळतील?

पद्मिनीचे अजून मिळतात, हे आपलं भाग्य. कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या सुट्या भागांसाठी, ऑपेरा हाऊसकडची दुकानं पडून राहिलेल्या नव्या मालासाठी. क्रोम आणि पावडर कोटिंगची कामं रबाळे, महापे, तुर्भेच्या एमआयडीसीत होतात. बंपर क्रोमला देताना वजन आणि फोटो लिहून द्या, जाड जुना पत्रा जाऊन पातळ परत यायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आजही ठाणे-डोंबिवलीकडे भेटतात. त्यांना घरी बोलावून गाडी दाखवा. कोणता क्लिप कुठल्या बाजूला बसतो हे त्यांच्या हाताला माहीत असतं.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. भंगारात निघालेल्या टॅक्सीचे भाग जरूर घ्या, पण नंबर असलेला पत्रा घेऊ नका.

व्हिंटेज नोंदणी कुणाला मिळते?

केंद्राच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणूनच पद्मिनीत आधुनिक इंजिन आणि फ्लोअर गिअर बसवण्याआधी दहादा विचार करा. अर्ज ‘परिवहन’ पोर्टलवर, फॉर्म २० मध्ये. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, पुनर्नोंदणीची ५,०००, मुदत १० वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं.

हे घेण्याआधी एक अट समजून घ्या. व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यासाठीच रस्त्यावर. रविवारी सहकुटुंब येऊरला जायचं असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

मग साध्या नोंदणीचं काय? पंधरा वर्षांनी गाडी भंगारात काढावी लागते ना?

दिल्ली परिसरातले निर्बंध आणि आपल्याकडचे नियम यांची गल्लत होते. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. १९८९ पूर्वीचा तीन अक्षरी नंबर असेल तर संगणकात नोंद नसण्याची शक्यता मोठी, तेव्हा आधी बॅकलॉग नोंद करून घ्या. कुठल्या कार्यालयात जायचं ते पत्त्यावर ठरतं: ठाणे एमएच-०४, वाशी एमएच-४३, पनवेल एमएच-४६, कल्याण एमएच-०५. जुन्या आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर तो फॉर्म ३५ ने उतरवल्याशिवाय नावावर होणार नाही. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तरी तिच्या आजच्या वारसदाराकडून ना-हरकत मिळते, चिकाटी लागते.

खर्च किती येईल?

गाडी उघडल्याशिवाय आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पद्मिनीचं इंजिन तुलनेने स्वस्तात होतं. पैसा खातो तो पत्रा, मग रंग, मग क्रोम. आधी पत्र्याचं काम पूर्ण पैशांचं करा, सीट कव्हर दोन वर्षांनी शिवली तरी काही बिघडत नाही.

जुनी काळी नंबर प्लेट ठेवता येईल का?

रस्त्यावर नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बंधनकारक आहे. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांची मूळ प्लेट फेकू नका, डिकीत कापडात गुंडाळून ठेवा. प्रदर्शनात गाडी उभी केली की समोर मांडता येते.